कॅपिस्ट्रानोचं पडलेलं चर्च, बारा टाइल्सवर – माझा अनुभव

गेल्या आठवड्यात शेवटची टाइल भट्टीतून बाहेर आली आणि काल चित्र मागच्या अंगणातल्या भिंतीवर लागलं, म्हणून आठवतंय तोवर लिहून काढतेय. आम्ही कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीत राहतो, सान हुआन कॅपिस्ट्रानोचं मिशन इथून वीस मिनिटांवर, स्पॅनिश पाद्र्यांनी धर्मप्रसारासाठी १७७६ साली स्थापन केलेलं. आई गोव्यातल्या पणजी शहरातली, ती आली की तिला तिकडे नेतेच. लहानपणी ती मला तिथल्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीतल्या निळ्या टाइल्ससमोर हात धरून उभी करायची, त्यामुळे सिरॅमिकचा क्लास लावला तेव्हा टाइल्सच करायच्या आणि हेच मिशन काढायचं हे पक्कं होतं.

आधी मी घंटांची भिंत काढणार होते, बाजूला बोगनवेल, पोस्टकार्डवर असते तशी. पण स्केच करायला चार-पाच शनिवार तिथे बसले तर नजर सारखी पडलेल्या दगडी चर्चकडेच जायची. १७९७ ला बांधायला घेतलं, १८०६ ला पूर्ण झालं आणि ८ डिसेंबर १८१२ ला सकाळी आत प्रार्थना चालू असताना भूकंपात कोसळलं, म्हणजे बांधायला नऊ वर्षं आणि उभं राहिलं जेमतेम सहा. चाळीसेक माणसं गेली, बहुतेक तिथलेच मूळचे अहाशेमेन लोक, ज्यांच्या कष्टांवर ते उभं राहिलं होतं, आणि टॉवरमध्ये घंटा वाजवणारी दोन मुलंही. घंटांची भिंत तर १८१३ ची, टॉवर पडला म्हणून बांधलेली. हे कळल्यावर नुसती फुलं आणि घंटा काढायला माझा हातच चालेना.

मग ६ इंची १२ टाइल्स घेतल्या, एकदा भाजलेल्या पण ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा रंगीत लेप, नसलेल्या. पद्धत क्वेर्दा सेका, म्हणजे स्पॅनिशमध्ये सुकी दोरी, १९२० च्या दशकात मालिबूच्या टाइल्स अशाच बनायच्या. तेलात मँगनीज कालवून काळी रेघ मारायची (हातमोजे घालूनच, मँगनीज विषारी आहे), मग रबरी बल्बने पाण्यात कालवलेलं ग्लेझ आत थेंब थेंब सोडायचं. तेलाची रेघ पाणी अडवते, अगदी शेतातल्या वाफ्याच्या बांधासारखी, आणि भट्टीत तेल जळून गेलं की काळी रेघ उरते. भट्टी ‘cone ०५’ ला (हे भट्टीच्या उष्णतेचं माप), साधारण १०४० अंश सेल्सिअस.

सगळ्यात त्रास दिला आकाशाने. कच्चं कोबाल्टचं ग्लेझ फिकट जांभळट दिसतं, मी ते बघून दोन थर दिले आणि बाहेर आलं ते शाईसारखं गडद निळं, दुपारचं चित्र आणि वर रात्र! शिकणाऱ्यांना कळकळीने सांगते, आधी टेस्ट टाइल्स करा, प्रत्येक रंगाची, पातळ आणि जाड दोन्ही. मी नंतर अकरा केल्या. दुसऱ्या खेपेला आकाश छान जमलं होतं पण भट्टी पुरती थंड व्हायच्या आत कोणीतरी उघडली आणि चार टाइल्सना चिरा गेल्या, त्या दिवशी मी गाडीत बसून रडले. क्लासमधल्या एक-दोघी म्हणाल्या राहू दे गं, पडक्या चर्चला चीर शोभतेच. मला नाही पटलं. भिंतीतली प्रत्येक भेग मी जागेवर बसून बघून काढली होती, त्यात भट्टीतली भेग नको होती. चारही परत केल्या.

आकाशासाठी एवढा हट्ट का, तर वरच्या रांगेत जिथे टॉवर होता तिथे मी काहीच काढलेलं नाही, नुसतं आकाश ठेवलंय. तो निळा चुकला असता तर ती जागा रिकामी वाटलीच नसती. एका कोपऱ्यात फक्त दोन पाकोळ्या (स्वॅलो पक्षी) आहेत, १९ मार्चला तिथे त्यांच्या परतण्याचा उत्सव असतो म्हणून.

लावताना ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटी भरायचं मिश्रण, पांढरं घेऊ नका, काळ्या रेघांमध्ये चौकटीच डोळ्यात भरतात. मी दगडाच्या जवळचा करडट पिवळा घेतला. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली फोन जरा वर धर, ते आकाश नीट बघू दे.