सोलरच्या लाईनचे क्लॅम्प : तिसरा रविवार

मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या मागच्या भिंतीवरून सोलरच्या गरम पाण्याची लाईन साडेचार मीटर आडवी जाते. पाऊण इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाईप, आणि सहा क्लॅम्प. त्यातले तीन गट्टीसकट (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात ठोकतात ती) बाहेर आले होते. गेल्या रविवारी नव्या गट्ट्या ठोकून आवळले, तर बुधवारी एक परत लोंबायला लागला.

दोष भिंतीचा, असंच मी धरून चाललो होतो. वाट दाखवली आईनं. "दिवेलागणीला भिंतीत टकटक कोण करतंय बघ की रे!" नळ सगळे बंद, म्हणजे पाण्याचा दणका नव्हे. मग पाईपच सरकतोय का बघायला सकाळी सातला प्रत्येक क्लॅम्पच्या कडेला पाईपवर पेन्सिलीनं रेघ मारली. दुपारी एकला पाहिलं, तर लोंबत्या क्लॅम्पपाशी रेघ चार मिलिमीटर पुढं गेलेली. बाकीच्या पाच ठिकाणी जागच्या जागी, आणि तिथं पाईप मधे चक्क कमानीसारखा फुगलेला.

सीपीव्हीसी पाईप 30 अंशांनी तापला की मीटरमागं साधारण 2 मिलिमीटर वाढतो. आमच्या लाईनला 9 मिलिमीटर झाले. लोखंडी पाईप याच्या पाचव्या हिश्शाएवढासुद्धा वाढत नाही. वाढलेल्या पाईपला सरकायला जागा नसेल तर तो गट्टी उपटणारच.

जागा मीच बंद केली होती. लक्ष्मीपुरीतून क्लॅम्प आणताना नुसतं "पाऊण इंची द्या" म्हटलं आणि जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाईपचे आले. जीआयचा पाऊण इंची पाईप बाहेरून 26.9 मिलिमीटर, सीपीव्हीसीचा 22.2. नाव एक, माप वेगळं. ढिले पडले म्हणून सायकलची ट्यूब कापून गुंडाळली आणि रबरानं पाईप गच्च धरला. मंडळी, दुकानात जाताना पाईपचा तुकडा खिशात घेऊन जाच.

आज ट्यूब काढून टाकली. सीपीव्हीसीच्या मापाचे क्लॅम्प लावले, पाईप बोटानं ढकलला की सरकेल एवढे सैल. अंतर 90 सेंटिमीटर. एल्बोजवळचा, म्हणजे वळणाच्या जोडाजवळचा क्लॅम्प वीतभर मागं घेतला. जुनी भोकं मोठी झाली होती. त्यांत पुन्हा गट्टी न मारता बाजूला, विटेच्या मधोमध 6 मिलिमीटरचं भोक पाडलं. ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके, बंद ठेवूनच, नाहीतर आमची जुनी वीट भुसभुशीत होऊन पडते. भोकातली धूळ सायकलच्या पंपानं उडवली. याला दोन मिनिटं लागतात, पण धूळ राहिली तर गट्टी धरत नाही.

कोपऱ्यातला सहावा क्लॅम्प राहिलाय. तिथं गिलावाच सुटलाय, सिमेंट भरून ठेवलंय.

संध्याकाळी आई मोरीच्या दाराशी कान देऊन उभी राहिली. कोपऱ्याकडून एकदा टक् झालं, बाकी काही नाही.