नवा चकचकीत की जुना घट्ट? आमच्या ट्रेलरची खरेदी

शिकागोजवळ राहायला आल्यापासून ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, घेऊन भटकायचं मनात होतं. मागच्या वर्षी 30,000 डॉलरच्या आत बसेल असा शोधायला लागलो. इथून शंभरेक मैलांवर इंडियानातलं एल्कहार्ट. अमेरिकेतले बहुतेक आरव्ही (राहायची सोय असलेल्या गाड्या आणि ट्रेलर) त्याच भागात बनतात, म्हणून पहिली चक्कर तिकडेच.

एका डीलरकडे 26 फुटी नवाकोरा ट्रेलर 27,000 डॉलरला होता. स्लाइड-आउट (भिंतीचा भाग बाहेर सरकवून जागा वाढवायची सोय), मोठा टीव्ही, शेकोटीसुद्धा! बायको आणि लेक तिथेच रमल्या. मी ड्रॉवर ओढून पाहिला: कडेला नुसते स्टेपल मारलेले, तळाची फळी बोटाने दाबली तरी वाकत होती. भिंतींना लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, छताला रबराचं आवरण. ही बांधणी स्वस्त पडते, दुरुस्तीलाही सोपी. पण सगळी भिस्त सांधे बुजवणाऱ्या सीलंटवर. ते तडकलं आणि लक्षात आलं नाही, तर आत लाकूड कुजत राहतं. शिवाय सामानसुमान भरल्यावर वजन 7,000 पौंडांच्या घरात, आणि आमच्या गाडीची ओढायची मर्यादा 5,000. म्हणजे पिकअपचा खर्च आणखी वेगळा.

दुसरा सहा वर्षं जुना, गुळगुळीत फायबरग्लास भिंतींचा. चिपळूणहून आलेली आई सोबत होती. आत पाऊल टाकताच म्हणाली, "अरे, इथे ओल आहे. वास नाही येत तुला?" कोपऱ्यातली गादी उचलून तिने भिंतीवर तळवा दाबला, तर भिंत मऊ लागली. बाहेर जाऊन तिरप्या उजेडात पाहिलं तर नेमका तिथेच फुगवटा. पाणी मुरून आतल्या प्लायवुडपासून फायबरग्लासचा पापुद्रा सुटला होता. डीलर 2,000 डॉलर कमी करायला तयार झाला, पण अशी भिंत म्हणजे न संपणारं काम. आम्ही निघालो.

शेवटी घेतला मिनेसोटात बनलेला स्कॅम्प कंपनीचा 16 फुटी ट्रेलर, 2014 सालचा, 14,500 डॉलरला. फायबरग्लासच्या साच्यातून काढलेले वरचा आणि खालचा असे दोनच भाग, मध्ये जोडलेले, डब्याला झाकण बसावं तसे. छत आणि भिंत यांच्यात सांधाच नाही. जागा बेताची, टीव्ही नाही, आणि जुना असूनही किंमत फारशी उतरलेली नव्हती. तरी घेण्याआधी दोन तास तपासला: ओल मोजायचं यंत्र खिडक्यांभोवती फिरवलं, गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून पाहिलं. टायरवर 2315 असा आकडा होता, म्हणजे तो 2015 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी रबर जुनं, म्हणून टायर बदलायचे पैसे आम्ही वेगळे धरले.

पहिल्याच सहलीत मिशिगन सरोवराकाठी रात्रभर पाऊस झाला. सकाळी आईने कपाटं उघडून हात फिरवला. एका रिव्हेटखाली थेंबभर पाणी सापडलं. दुपारी शिडी लावली, रिव्हेट काढून नवा बसवला, वर सीलंट भरलं. रात्री परत पाऊस आला. कपाट कोरडं होतं.