खाजकुयलीची कबुली

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा फोन आला आणि मी लगेच हो म्हटलं. कारण मला एक गुन्हा कबूल करायचा होता. १९७८ च्या डिसेंबरात आठवी 'ब'मध्ये शास्त्राच्या सरांच्या खुर्चीवर खाजकुयली टाकली, ती मी.

शहरात वाढलेल्या नातवंडांसाठी सांगतो: गडग्यावर चढणारा वेल, इंग्रजी एससारखी वळलेली शेंग आणि तिच्यावर सोनेरी-तपकिरी मखमल. ती अंगाला लागली की माणूस नाचतो. शाळेमागची एक शेंग केळीच्या पानात गुंडाळून आणली आणि मधल्या सुट्टीत काडीने खरवडून लव खुर्चीवर पाडली. सर बसले, थोड्या वेळाने उठले, आणि मग शिपाईमामा शेण आणायला धावले. माझा बाकावरचा जोडीदार भाबडा. सरांचा शर्ट झटकायला तोच पुढे झाला. साहजिकच त्याच्या हातांना खाज सुटली. तेवढा पुरावा पुरला आणि माझ्या वाटच्या सहा छड्या त्याने खाल्ल्या. मी खाली मान घालून भूमिती करत होतो.

दुसऱ्या दिवशी सर चिमट्यात शेंग धरूनच वर्गात आले. शाळेतल्या एकुलत्या एक सूक्ष्मदर्शकाखाली एक केस ठेवला आणि म्हणाले, "कोणी हाडल्यान ता जाऊंदे. केस कसो टोचता ता बघा." रांगेत उभं राहून पाहिलं. भाल्यासारखं टोक, बाजूने उलटे काटे. माझ्या पुढच्या सगळ्या शिक्षणाची सुरुवात त्या काचपट्टीवर झाली, असं म्हटलं तर सरांना आवडलं असतं. खरं म्हणजे मी तेव्हा फक्त आपण सुटलो म्हणून खूश होतो.

घरी आजोबांच्या उजव्या हाताची बोटं सारखी हलायची, तंबाखू मळावी तशी. ते तंबाखू खायचेच, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. एकदा चंची खुंटीवर होती आणि बोटं चालूच. आजीने ते पाहिलं. वैद्यांनी कंपवात, म्हणजे पार्किन्सन, सांगितला आणि कुयलीच्या बियांचं चूर्ण दुधातून दिलं. मला वाटलं, वैद्यांचीही काहीतरी थट्टाच चालली आहे.

पुढे फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, शिकवायला लागलो तेव्हा अरविद कार्लसन या स्वीडिश संशोधकाचा १९५७ चा निबंध हातात आला. 'नेचर'मधला, एका पानात मावणारा. कार्लसन आणि सहकाऱ्यांनी जनावरांना रेसर्पिन दिलं. हे औषध आपल्या सर्पगंधेच्या मुळीतलं. ती मुळी उन्मादावर आणि रक्तदाबावर चालते, असं कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच छापलं होतं. रेसर्पिनने प्राणी निपचित पडले. मग डोपा नावाचं रसायन टोचलं आणि ते पुन्हा हिंडू-फिरू लागले. डोपाचं मेंदूत डोपामिन होतं, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन, आणि रेसर्पिनने त्याचाही साठा रिकामा केलेला असतो. हाच डोपा, एल-डोपाच्या रूपात, कुयलीच्या बियांत असतो, हे दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये दाखवलं होतं. म्हणजे त्या एका पानावर आपल्या रानातली दोन झाडं समोरासमोर उभी होती, एक पाडणारं आणि एक उठवणारं. ग्रंथालयात बसून मी एकटाच हसलो.

कार्लसन तिथे थांबले नाहीत. १९६३ मध्ये त्यांनी लिंडक्विस्टबरोबर मनोविकारांवरच्या औषधांचा निबंध लिहिला. ही औषधं मेंदूतल्या रसायनांचा साठा न संपवता त्यांच्या पोचण्याच्या जागाच अडवत असावीत, असा त्यांचा तर्क. त्या गोळ्या घेणाऱ्या काहींचे हात कंपवातासारखे का थरथरतात, हे मला या दोन निबंधांमुळे उमगलं. गावात अशा माणसाला 'बाहेरचं काही' झालं म्हणायचे. २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं.

आणि मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कंपवातावर कुयली देऊन पाहिल्याचा निबंध 'न्युरॉलॉजी इंडिया'त छापून आला तो १९७८ साली. मी खुर्चीवर लव पाडत होतो ते वर्ष! २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर चाचणी झाली. ३० ग्रॅम चूर्णाचा गुण साधारण ३५ मिनिटांत दिसू लागला, नेहमीच्या औषधाला ६९ मिनिटं लागली. आठच रुग्ण, हे विसरू नका. आणि हे वाचून कोणी बिया भाजून खायला जाऊ नका, कुठल्या बीत डोपा किती हे डोळ्यांनी कळत नाही.

हा मजकूर पाठवण्याआधी त्या जोडीदाराला फोन केला. तो गावातच असतो, काजूची बाग बघतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माका तेवाच म्हायत होता. केळीचा पान तुझ्याच दप्तरात दिसलला."