आमची वाटचाल : धार आणि धाप

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमचं कार्बाइड टूल रिग्राइंडिंग, म्हणजे बोथट झालेल्या ड्रिल-कटरना पुन्हा धार लावण्याचं काम, सुरू झालं ते एका जुन्या टूल अँड कटर ग्राइंडरवर. हिशेब माझा, धार मावसभावाची. ड्रिल बोटांत फिरवून तो नुसतं सांगायचा, "एक लिप वर आहे," म्हणजे एक धार दुसरीपेक्षा उंच. मोजायचा डायल लावला की फरक दिसायचाच. असा हात सांगली-मिरजेत दुसरा नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

सातव्या वर्षी त्याला खोकला लागला. पहाटे उठून बसायचा, छातीत शिट्टी वाजायची. धुळीची अ‍ॅलर्जी म्हणून गोळ्या झाल्या, ब्राँकायटिस म्हणून इंजेक्शनं झाली. गणपतीत गावी गेला की ठणठणीत, शेड उघडून दोन दिवस झाले की पुन्हा धाप. आम्ही म्हणायचो, गावची हवा मानवते.

मिरजेच्या छातीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "काम काय करता?" त्यांनी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा जोर मोजायचं साधन, दिला. दर दोन तासांनी फुंकायचं, आकडा वहीत लिहायचा, असं चार आठवडे. सुट्टीला 400 च्या वर, शुक्रवारी 300 च्या खाली. कामामुळे होणारा दमा निघाला, कोबाल्ट या धातूमुळे.

कार्बाइडमध्ये साधारण 6 ते 10 टक्के कोबाल्ट असतो, हे आपल्या धंद्यात कोणाला सांगायला नको. पण घासताना आपण कूलंट, म्हणजे थंड ठेवणारं द्रव, सोडतो, धूळ उडतच नाही, अशी माझी समजूत. कोबाल्ट कूलंटमध्ये विरघळतो आणि घासायच्या व्हीलवरून उडणाऱ्या तुषारांतून नाकात जातो, हे तेव्हा कळलं. आमचं कूलंट वर्षानुवर्षं तेच, कमी झालं की वरून पाणी. ही चूक माझीच.

भावाला काउंटरवर बसवून बघितलं. पण शरीराने एकदा कोबाल्टचा धसका घेतला की अगदी थोडाही पुरतो. त्याला शेड सोडावी लागली. त्याच दिवसांत मागच्या गल्लीतला एक धंदेवाला सांगत सुटला, "त्यांच्याकडे रोग आहे, माणूस टिकत नाही." स्वतःच्या कामावरच्या पोरांना तोंडाला रुमाल बांधून हिरव्या व्हीलवर कूलंटशिवाय कोरडं घासायला लावत होता, आणि वर हे बोलत होता! आमचे दोन ऑपरेटर त्याने नेले. पलूस, इस्लामपूरचं काम गेलं. बँकेचे हप्ते थकले, मशीन विकायला काढलं. हे मी विसरलेलो नाही.

गिऱ्हाइकांत मिरजेचे व्हॉल्व्हवाले काका तेवढे राहिले. "माझी ड्रिलं थांबतील, आधी हवेचं बघ," म्हणाले आणि तीन महिन्यांच्या कामाचे पैसे आगाऊ दिले. त्यातून प्रत्येक व्हीलला अगदी लागून तुषार ओढून घेणारा हूड बसवला, त्याचा डक्ट, म्हणजे हवेचा पाइप, बाहेर काढला. पुढची बारा वर्षं काम नीट चाललं.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी एवढं ऐकाच. मशीनसमोर टेबल फॅन लावू नका. अंगावरचे कपडे एअर गनने झटकू नका, ते घरीही नेऊ नका. कामावरचा पोरगा रात्री खोकतो का, हे त्याच्या घरच्यांना विचारा. हार्ड मेटलमुळे, म्हणजे याच कार्बाइडमुळे, होणारे श्वसनविकार 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या यादीत होते. मी ती फार उशिरा वाचली.

भाऊ आता विश्रामबागेतल्या घरून ऑर्डरी घेतो. काकांची लाकडी पेटी दर गुरुवारी येते. मी फोन करून सांगतो, पेटी आली. ड्रिलं किती आहेत, हे तो नंतर विचारतो. आधी विचारतो, "कूलंट कधी बदललंस?"