पाण्याचे पेले आणि सा रे ग

एकाच मापाचे, पातळ काचेचे पाच पेले घ्या. जाड काच ठक्क वाजते, सूर लागत नाही. खाली टॉवेलची घडी अंथरा आणि पेल्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा. एकमेकांना टेकले की झणझण येते.

एक पेला जवळजवळ काठोकाठ भरा. तो तुमचा सा. पेन्सिलीने काठाच्या जरा खाली, बाहेरून हलकेच टिचकी मारायची. पुढच्या पेल्यात थोडं कमी पाणी, तो रे. असंच पुढे ग, म, प. पाणी वाढलं की सूर उतरतो, कारण काचेला पाण्याचं वजन घेऊन थरथरावं लागतं. गंमत म्हणजे तळाशी पाणी ओतून फारसा फरक पडत नाही. अर्ध्याच्या वर मात्र चमचाभरानेही सूर हलतो. म्हणून शेवटी ड्रॉपर वापरा. मोबाइलवरचा ट्यूनर (सूर ओळखून दाखवणारं अ‍ॅप) मदतीला घ्या, पण आधी मुलांना कानाने ठरवू द्या. रिकाम्या पेल्यातही प मिळाला नाही तर सा रे ग वर भागवा, तीन सुरांत पुष्कळ खेळता येतं. जमलेल्या पातळीवर चिकटपट्टी लावली की पुढच्या वेळी नव्याने शोधाशोध नको.

मग डोळे मिटून ‘कोणता वाजला?’ ओळखायचं. सुरुवात फक्त सा आणि ग ने करा. शेजारचे सूर लहान मुलांना सारखेच वाटतात.

आता बाटलीत पाणी भरून तोंडावर फुंकर घाला. इथे पाणी वाढलं की सूर चढतो! कारण इथे काच नाही, आतली हवा वाजते. हे मुलांनाच शोधू द्या, आधी सांगू नका.