सारंगखेड्याच्या तापीकाठी धुरातला मासा

सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा दत्तजयंतीला भरते. मार्गशीर्षात आमच्या घरात मासळीचं नावही निघत नाही, त्यामुळे माझा बेत पौषावर गेला. जानेवारीतल्या एका शनिवारी धुळ्याहून दोंडाईचामार्गे पोहोचलो तेव्हा यात्रा उठून गेली होती. मैदानात घोड्यांचे खुंटे उपटल्याचे खड्डे तेवढे राहिले होते आणि वाऱ्यावर चाऱ्याचा चुरा उडत होता. गाडीच्या डिकीत तंबू, बर्फाचा डबा आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता तो छोटा स्मोकर, म्हणजे माशाला धूर द्यायची पेटी.

हे करून बघायची ओढ मला भरितामुळे लागली. खानदेशात थंडी पडली की शेताशेतात भरिताच्या पार्ट्या होतात. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या नाहीतर तुरीच्या तुराट्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजायची, साल काढून बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचायची, वर मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. तीच वांगी घरी गॅसवर भाजली की भरीत होतं, पण ते भरीत नसतं. फरक धुराचा असतो. वांग्याला धूर एवढा मानवतो, तर तापीच्या मरळीला का मानवणार नाही, हा प्रश्न दोन वर्षं डोक्यात होता.

मामेभावाचं शेत नदीकाठी आहे. त्याला मी दादा म्हणतो. केळी आणि पपई, मध्ये बांधावर तीन जुने आंबे. सारंगखेड्याला तापीवर बॅरेज झाल्यापासून इथं थंडीतही पाणी भरलेलं असतं. मुलताईला उगम पावून 724 किलोमीटर पश्चिमेला धावणारी ही नदी इथं तळ्यासारखी थांबलेली वाटते. तंबू लावला त्या जागेवरून पलीकडच्या काठावरचे दिवे पाण्यात स्पष्ट दिसत होते.

स्मोकर म्हणजे मोठं यंत्र नाही. प्रवासाला नेतो त्या मोठ्या जेवणाच्या डब्याएवढी स्टीलची पेटी. तळाशी चमचा-दोन चमचे लाकडाचा भुसा पसरायचा, त्यावर गळणारं तेल-पाणी झेलणारा पातळ ट्रे, ट्रेवर जाळी, जाळीवर मासा आणि वरून घट्ट झाकण. पेटीखाली स्पिरिटचे दोन दिवे. त्या आचेनं भुसा पेटत नाही, धुमसतो, कारण आत त्याला पुरेशी हवा मिळत नाही. पेटीही तापते, त्यामुळे मासा शिजतो आणि शिजता शिजता धूर धरतो. याला गरम धुराची पद्धत म्हणतात. थंड धुराची पद्धत वेगळी. तिच्यात धूर साधारण 30 अंशांच्या खाली ठेवून तासन् तास, कधी दिवस दिवस द्यायचा असतो आणि मासा शिजतच नाही. नवशिक्यानं तिच्या वाटेला जाऊ नये. आपल्याकडे तर वैशाखात नुसती हवाच चाळीस अंशांच्या वर असते.

पहिल्या संध्याकाळी मी घाई केली. बाजारातून आणलेली रोहूची तुकडी मीठ-हळद लावून तशीच ओली जाळीवर ठेवली आणि धूर भरपूर व्हावा म्हणून तळाला मूठभर भुसा घातला. नदीवरून वारा सुटलेला. एक दिवा विझला, तो पेटवून मी दुसऱ्याची आच वाढवली. झाकणाच्या फटीतून पांढराफटक दाट धूर येऊ लागला. मला वाटलं, काम जमतंय.

तेवढ्यात काठानं जाळं खांद्यावर टाकून एक वयस्कर मच्छीमार आले. दादा त्यांना नाना म्हणतो, मीही म्हणू लागलो.

“काय करी राह्यनात, भाऊ?”

मी झाकण उघडून दाखवलं. तुकड्यांवर नासलेल्या दुधासारखा पांढरा चोथा सुटला होता आणि खाली काळपट पाणी साचलं होतं. नानांनी बोटानं मासा दाबला.

“मासा ओला शे ना. पहिले वाळू दे.”

खाऊन बघितलं. वरून कडू, जिभेला चिरचिर, आतून पाणचट. दादानं एक घास घेतला आणि गुपचूप भाकरीकडे वळला. रात्री तंबूत पडल्या पडल्या नानांचं ते एक वाक्य मी पुन्हा पुन्हा घोळवत होतो. उन्हाळ्यात त्यांच्या घरी बारीक मासळी वाळवतात. आधी मीठ, मग वारा, मग ऊन. धुराला जागा करून देण्याचं काम मीठ आणि वारा करतात, हे त्यांना पेटी न बघताही ठाऊक होतं.

त्यामागचं कारण असं. मिठाच्या पाण्यात मासा ठेवला की वरच्या थरातली काही प्रथिनं विरघळतात. मग तो वाऱ्यावर सुकवला की तीच प्रथिनं पृष्ठभागावर एक पातळ, चकचकीत, किंचित चिकट साय धरतात. धुरातले वासाचे आणि रंगाचे कण या सायीवर छान बसतात, आणि आतला रस कोंडून राहतो. ओल्या माशावर धूर पडला तर तो पाण्यात मिसळून कडवट ओघळ होतो. आणि आच एकदम वाढवली तर प्रथिनं आवळून तोच पांढरा चोथा बाहेर ढकलतात. माझ्या रोहूचं दोन्ही झालं होतं.

रविवारी पहाटे सहाला नाना स्वतःच दोन मरळी आणि चार चिलाप्या घेऊन आले. मासळी त्यांच्याकडूनच घ्यायचं मी ठरवलं होतं. धरण-बंधाऱ्यांच्या पाण्यातल्या मासेमारीचे हक्क साधारणपणे मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतात, तेव्हा कॅम्पिंगला आलात म्हणून न विचारता गळ टाकू नका. शिवाय कोणत्या माशाला काटे किती, हे पकडणाराच नीट सांगतो. रोहू चवीला उत्तम, पण मांसात बारीक दुभंगलेले काटे फार. धुरातला मासा हातानं सोलून खायचा असतो, तिथं ते नडतात. मरळीचे दोन्ही बाजूंचे लांब काप सरळ निघतात आणि मांस घट्ट असतं. सुरुवात करायला याहून चांगला नदीचा मासा मला तरी सापडला नाही. एक खरं, की धूर चरबीला जास्त लागतो आणि मरळ तशी कोरडी. म्हणून कापांना शेवटी शेंगदाण्याच्या तेलाचा हलका हात लावला.

एक लिटर पाण्यात 70 ग्रॅम मीठ आणि 35 ग्रॅम गूळ विरघळवला, नंदुरबारची एक लाल मिरची चुरडून टाकली. बोटभर जाडीचे काप त्यात दोन तास. पातेलं बर्फाच्या डब्यात ठेवलं, कारण मिठाचं पाणी असलं तरी मासा गार राहायलाच हवा. आठला काप काढले, एकदा साध्या पाण्यातून काढले, सुती फडक्यानं टिपले आणि जाळीवर ठेवून आंब्याच्या सावलीत टांगले. वर वहिनींची जुनी मलमलची ओढणी, माश्या बसू नयेत म्हणून. थंडीतला आमच्याकडचा वारा कोरडा असतो. तासाभरात काप काचेसारखे चमकायला लागले. बोट लावलं की किंचित चिकटत होतं, पण ओल लागत नव्हती. ही खूण पक्की लक्षात ठेवा, घड्याळापेक्षा ती खरी.

तोवर लाकूड. बांधावरच्या आंब्याची वर्षभर वाळलेली फांदी होती. दादानं कोयत्यानं तिची साल तासली आणि आतल्या लाकडाचा तांदळाच्या कणीएवढा चुरा केला. पेरूचं लाकूडही चालतं. कडुनिंब नको, निलगिरी नको. सुताराकडचा भुसा तर मुळीच नको, त्यात प्लायवूडचा डिंक आणि पॉलिशचे कण असतात. मला मनातून पऱ्हाट्या वापरायच्या होत्या, भरिताची आठवण म्हणून. पण कपाशीवर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात. वांग्याची साल आपण फेकून देतो, मासा मात्र धुरासकट खातो, म्हणून तो मोह सोडला.

या वेळी भुसा मोजून दोन चमचे. पेटी झाडाच्या बुंध्याआड, वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा केला. स्पिरिटची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. म्हणून दिवा विझला असं वाटलं तरी त्यात लगेच स्पिरिट ओतायचं नाही, आधी तो पूर्ण गार होऊ द्यायचा. पोरांना लांब ठेवायचं. आणि कितीही थंडी असो, पेटी तंबूत न्यायची नाही. तिथं कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो.

पाचेक मिनिटांनी फटीतून धूर आला, पातळ, निळसर. आदल्या दिवशीच्या धुरानं डोळे झोंबले होते. हा धूर नाकाशी आला तर खोबरं भाजल्यासारखा गोडसर वाटला. मी झाकण उघडलं नाही. उघडलं की आच जाते, हवा शिरते आणि भुसा पेट घेतो. पंचवीस मिनिटांनी सर्वात जाड कापाच्या पोटात थर्मामीटरची सळई घातली, आकडा 66 वर थांबला. मासा आतून निदान 63 अंश सेल्सिअस झालाच पाहिजे. थर्मामीटर ही या सगळ्यातली स्वस्त वस्तू आहे, पण तिच्याशिवाय हा उद्योग मी कुणाला सुचवणार नाही. वरचा रंग फसवतो.

रंग म्हणाल तर गुळाच्या पाकासारखा. कडेला थोडा गडद, मध्ये मधाळ. बोटानं दाबलं तर कापाचे पदर आपोआप सुटले, आत पांढरंशुभ्र, ओलसर. वहिनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन आल्या होत्या. पहिला तुकडा नानांना दिला. ते सावकाश चावत राहिले.

“मस्त लागस, भाऊ,” म्हणाले आणि दुसरा तुकडा स्वतःच उचलला.

धूर दिलेल्या दोन चिलाप्यांचं वहिनींनी जे केलं ते मला सुचलं नसतं. काटे काढून मासा बडगीत घेतला, त्यात भाजलेली मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून हलकेच ठेचला. भरिताच्या रीतीनं केलेला मासा, केळीच्या पानावर. वांग्याच्या भरितात धूर मागून येतो, इथं तो आधी येतो आणि मिरची मागून. दोन वर्षांच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या पानावर होतं.

एक गैरसमज मात्र दूर करतो. सुक्या बोंबलासारखा हा मासा टिकत नाही. बोंबील टिकतो तो पाणी जवळजवळ संपल्यामुळे. इथं मीठ थोडं, ओलावा बराच, धूर फक्त चवीपुरता. कॅम्पवर केला तर त्याच जेवणाला संपवा. घरी न्यायचाच तर गार करून भरपूर बर्फात न्या. हवाबंद पिशवीत भरून गाडीत तसाच ठेवू नका, हवा नसलेल्या जागी वाढणारे विषारी जंतू अशा माशात वास न येताही वाढू शकतात.

दुपारी नाना पेटी उलटसुलट करून बघत होते. किंमत विचारली, मी सांगितली, आणि ते दादाकडे वळून म्हणाले की एवढं तर तेलाच्या डब्यातही होईल. दादा घरातून 15 किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन आला. डबा घासून, एकदा रिकामाच जाळावर तापवून घेतला. जाळी आम्ही स्टीलची वापरली. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी तापली की घातक वाफा सोडते, म्हणून कुंपणाची जाळी बाजूला ठेवली. वरच्या कडेला खिळ्यानं चार भोकं, तळाला आंब्याचा चुरा, बाहेरून तीन विटांवर बाभळीचे निखारे. स्पिरिटपेक्षा निखाऱ्यांची आच सांभाळणं अवघड, नाना चिमट्यानं एकेक निखारा पुढे-मागे करत होते. मी फक्त थर्मामीटर धरून बसलो.

उरलेल्या दोन चिलाप्या त्यात चाळीस मिनिटांत झाल्या. नानांनी त्या केळीच्या पानात गुंडाळल्या, वर नारळाची दोरी बांधली आणि उन्हं कलायच्या आत नातवंडांसाठी घरी घेऊन गेले. डबा दादाच्या आंब्याखालीच आहे, झाकणावर दगड ठेवून.