ऐकू आलं, पण कळलं नाही

शनिवार, रात्र

आज वारा असा सुटलाय की गॅलरीचं दार दोनदा आपटलं. शिनचूचा हा वारा तैवानभर प्रसिद्ध आहे. इथल्या चांद्र पंचांगातल्या नवव्या महिन्यात, म्हणजे साधारण आपल्या दिवाळीच्या सुमाराला, तो जोर धरतो. त्याच वाऱ्यावर जवळच्या शिनपू गावात पर्सिमनची फळं वाळवतात, शिनचूत तांदळाच्या शेवया वाळवतात. चिए आज संध्याकाळी आली ती वाळवलेल्या पर्सिमनचा पुडा घेऊनच. अभ्यासाला रिकाम्या हाताने यायचं नाही हा तिचा नियम. मी कितीही सांगितलं तरी ती तो मोडत नाही.

चिए म्हणजे ताई. शेजारच्या इमारतीत राहते, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, एका कारखान्यात हिशेब सांभाळते. मी पुण्यात नऊ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय हे कळल्यापासून ती मला लाओशी म्हणते, म्हणजे बाई. तिच्या कंपनीत वरच्या जागेसाठी टोईक या इंग्रजीच्या परीक्षेत ६५० गुण लागतात. मागच्या खेपेला ५१५ मिळाले. ऐकण्याचे २६५, वाचनाचे २५०.

या परीक्षेत दोन तासांत दोनशे प्रश्न सोडवायचे असतात. ४५ मिनिटांत ऐकण्याचे शंभर, ७५ मिनिटांत वाचनाचे शंभर, एकूण गुण ९९०. ऐकण्यातला दुसरा भाग तिला सगळ्यात अवघड जातो. पंचवीस प्रश्न असतात, पण कागदावर ना प्रश्न छापलेला ना उत्तरं. एक वाक्य कानावर पडतं, मागोमाग तीन उत्तरं, आणि पाच सेकंदांत गोल काळा करायचा. डोळ्यांना धरायला काहीच नाही. आज घरी सोडवला तेव्हा पंचवीसपैकी तेरा आले. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "थिंग पु तुंग."

हे शब्द मी इथे आल्यापासून रोज ऐकते, बहुतेक वेळा स्वतःच्याच तोंडून. ऐकलं पण कळलं नाही, असा त्याचा अर्थ. पण चिनी भाषेत याची दोन भावंडंही आहेत. आवाजच पोचला नाही तर "थिंग पु ताओ". आवाज पोचला पण नीट, स्पष्ट ऐकू आला नाही तर "थिंग पु छिंगछू". आपणही ऐकू आलं नाही आणि कळलं नाही हे वेगळं म्हणतोच. मला एकदम वाटलं, चुकलेल्या बारा प्रश्नांसमोर आपण नुसत्या फुल्या मारून बसलोय, त्याऐवजी यातलं कुठलं झालं ते लिहून काढू. तिला हे लगेच पटलं, शब्द तिचेच होते ना. पुन्हा ऐकत ऐकत तिने प्रत्येकासमोर एकेक अक्षर टाकलं. बारापैकी फक्त तीन ठिकाणी शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. बाकीच्या नऊ ठिकाणी सगळे शब्द शाळेतल्याच पुस्तकातले, पण कानावर पडताना ते ओळखू आले नव्हते.

माझा जीव कळवळला. दोन वर्षं ती संध्याकाळच्या क्लासला जात होती. तिथे तिला शब्दांच्या याद्या पाठ करायला लावल्या आणि युक्त्या शिकवल्या. प्रश्नातल्या शब्दासारखा आवाज ज्या उत्तरात येईल ते उत्तर सोडून द्यायचं, ही त्यातली एक. ती कधीकधी चालतेही. पण कान तयार करायचं काम तिथे कुणी केलंच नव्हतं. जो आजार नव्हता त्याचं औषध ती दोन वर्षं घेत होती आणि दोष स्वतःच्या स्मरणशक्तीला देत होती.

मग एकच वाक्य घेतलं. "ही कॅन्ट मेक इट टू द मीटिंग." तिने लिहिलं, कॅन. तीनदा ऐकवलं, तिन्ही वेळा कॅन. ती शेवटचा ट शोधत होती, कारण शाळेत तेच सांगितलेलं. पण बोलणारा अमेरिकन, पुढे म आलेला, तो ट त्याने गिळून टाकलेला. शिवाय चिनी शब्दाच्या शेवटी स्वर तरी येतो, नाहीतर न किंवा ङ, आणि उत्तरेकडे थोडासा र. ट, क, प, स यांवर शब्द संपतच नाही. आपले हात, नाक, माप, घास असे व्यंजनावर येऊन थांबतात, म्हणून आपला कान शेवटापर्यंत जागा राहतो. तिच्या कानाला तिथे काही असू शकतं याची सवयच नाही. भूतकाळाचा ड, अनेकवचनाचा स, सगळे त्याच जागी बसतात आणि सगळे तिच्या हातून निसटतात.

मी म्हटलं, चिए, ट सोडून दे. टेबलावर बोट आपट. "ही कन मेक इट" मध्ये जोर मेकवर पडतो आणि कॅनचा नुसता कन होतो. "ही कॅन्ट मेक इट" मध्ये कॅन्टवरही जोर आणि मेकवरही. एक ठोका की दोन ठोके, एवढंच ऐक. मी वाक्यं म्हणत गेले, ती डोळे मिटून बोट आपटत राहिली. चिनीत बहुतेक अक्षरांना आपापला सूर असतो आणि पुरतं वजन. अक्षरं अशी चिरडून टाकायची हे तिला फार विचित्र वाटत होतं. पाचव्या-सहाव्या वाक्याला बोट बरोबर पडायला लागलं. नंतरच्या दहापैकी दहा बरोबर! तिने डोळे उघडले आणि मी कॅन्ट कसं म्हणते ते बघायला माझ्या ओठांकडे बघत राहिली. त्या दहा मिनिटांसाठी मी उद्याही सगळी कामं बाजूला ठेवीन.

नकारार्थी प्रश्न राहिलेत. "डिडन्ट यू सेंड द फाइल?" याला ती मनात आधी "तुई, मेइयो" म्हणते, म्हणजे "हो, नाही पाठवली". आपणही "पाठवली नाहीस ना?" याला "हो, नाही पाठवली" म्हणतोच की. इंग्रजीत तिथे नो म्हणावं लागतं. हे मला तिला समजावून सांगावं लागलं नाही, नुसतं "आमच्याकडेही तसंच" म्हटलं आणि दोघींना बरं वाटलं.

मंगळवार

आज वाचन. चिएची वही मी आज पहिल्यांदा नीट पाहिली. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने बारीक चिनी अक्षर. इतकं सुबक की पान कोरल्यासारखं दिसतं. यात तिचे किती तास गेले असतील! शब्द सगळे बरोबर, वाक्याचा अर्थ मात्र तिसराच. वाचनाच्या सातव्या भागात पत्रं, जाहिराती, बिलं अशा मजकुरांवर ५४ प्रश्न असतात, आणि त्यातले शेवटचे पंधरा-वीस तिने मागच्या वेळी न वाचताच काळे केले होते. वेळच उरला नव्हता.

तिला अडलेलं वाक्य तिच्याच कामाच्या धर्तीवर मी पुन्हा बांधलं. इंग्रजीत ते असं सुरू होतं, "द इनव्हॉइस दॅट द सप्लायर वी व्हिजिटेड इन मार्च सेंट लास्ट वीक", आणि शेवटी "हॅज अॅन एरर". तिने सेंटला मुख्य क्रियापद धरलं आणि हॅजपाशी येऊन अडकली. व्हिजिटेड कुणी केलं, सेंट कुणी केलं, सगळा गुंता.

मी आधी ते मनात मराठीत आणलं. आपण मार्चमध्ये भेट दिलेल्या पुरवठादाराने गेल्या आठवड्यात पाठवलेल्या बिलात चूक आहे. मग तिला म्हटलं, हेच चिनीत सांग. तिने सांगितलं आणि मी कागदावर तुकडे मांडले. आपण, मार्च, भेट देणे, मग "त", मग पुरवठादार. गेला आठवडा, पाठवणे, मग "त", मग बिल. शेवटी चूक आहे. मी बघतच राहिले! आपल्या "दिलेल्या" आणि "पाठवलेल्या" मधलं "लेल्या" जे काम करतं तेच तिचं ते छोटंसं "त" करतं. आणि जागाही तीच, नामाच्या आधी. आधी सगळी हकीकत, मग ती कुणाची ते नाव. काल आलेला माणूस. आईने केलेली चटणी. इंग्रजी बरोबर उलट चालतं. आधी नाव टाकतं, मग मागून हकीकत ओढत आणतं.

मी पाचवीपासून इंग्रजी शिकले. मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० मध्ये, आमच्यानंतर. हायस्कूलमध्ये अशी लांब वाक्यं मी तीनतीनदा वाचायचे आणि मला वाटायचं, आपलंच डोकं जड आहे. पुढे शिकवतानाही मुलांना मी नियम सांगत राहिले. तुमच्या भाषेत हकीकत नामाच्या आधी येते, इथे ती मागून येईल तेव्हा जरा थांबा, एवढं एक वाक्य मी त्या नऊ वर्षांत एकदाही म्हटलं नाही. आज शिनचूत, एका चिनी बोलणाऱ्या बाईच्या वहीवरून ते मला सुचावं! त्या मुलांची फार आठवण आली.

मग आम्ही वाक्यांभोवती चौकटी आखल्या. दॅट दिसला की पेन्सिल टेकवायची, हकीकत कुठे संपते ते शोधायचं, तेवढ्याला कंस करायचा आणि कंसाबाहेर उरतं ते आधी वाचायचं. बिलात चूक आहे, संपलं. डोक्यावर अक्षरं लिहायला मी तिला मनाई केली आहे. फार जिवावर आलं तिच्या. ती अक्षरं लिहिली की डोळा चिनी ओळ वाचतो आणि ती ओळ उलट्या क्रमाने लावलेली असते, हे मात्र तिने स्वतःच बोलून दाखवलं.

जाता जाता आणखी एक. इंग्रजीतल्या "शी" आणि "ही" यांच्यात ती सतत गोंधळते, स्वतःच्या मुलीलाही "शी"ऐवजी "ही" म्हणते. चिनीत दोन्हींचा उच्चार था. लिहिताना अक्षर वेगळं, पण ती सोयसुद्धा शंभरएक वर्षांपूर्वीची. मी तिला सांगितलं की मराठीत गेला-गेली असं क्रियापदही बदलतं, शिवाय टेबल आणि खुर्चीलाही लिंग असतं. तिने हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "मग कप?" तो कप, ती कपबशी. तिने वहीत लिहून घेतलं.

गुरुवार

कचऱ्याची गाडी पियानोची ती धून वाजवत आली की सगळी गल्ली पिशव्या घेऊन खाली येते. आम्ही दोघी तिथेच आकड्यांचा सराव करतो. ती हिशेबातली बाई, पण इंग्रजीतला मोठा आकडा आला की गोठते. तिच्या भाषेत दहा हजारांचं एक वान, दहा हजार वानांचा एक यी. "थ्री हंड्रेड ट्वेंटी थाउजंड" ऐकल्यावर तिला ३२ वान करावे लागतात, मला ३ लाख २० हजार. दोघींचं डोकं एकाच ठिकाणी अडखळतं. मिलियन म्हणजे तिचे शंभर वान, माझे दहा लाख. तिचा एक यी म्हणजे आपले दहा कोटी. हजारहजारांच्या पायऱ्या आम्हा दोघींच्याही घरच्या नाहीत. मी आकडा टाकते, तिने वानात आणि मी लाखात, कोण आधी! आज ती पाचपैकी चारदा जिंकली.

रविवार, संध्याकाळ

परीक्षा झाली. दुपारी दोन वाजता तिचा फोन आला. सातवा भाग पूर्ण झाला नाही, सहा प्रश्न राहिले, पण ते सहाच. आणि दुसऱ्या भागात एक कॅन्ट आला. तिने बाकाखाली मांडीवर बोट आपटलं, दोन ठोके. एवढं सांगताना तिचा आवाज भरून आला आणि माझाही. गुण यायला अजून अवकाश आहे. ते कितीही येवोत, मला तो ठोका पुरे.

संध्याकाळी ती आली, पण म्हणाली, आज इंग्रजी नको, आज लाओशी मी. मला विकत घेणे आणि विकणे यांत अजून फरक ऐकू येत नाही. दोन्ही माई. एक सूर खाली जाऊन रेंगाळतो, दुसरा झटकन खाली पडतो. सहा वर्षं झाली, बाजारात मी अजून दुकानदाराच्या हाताकडे बघून अंदाज करते. तिने मला डोळे मिटायला लावले. "माई," ती म्हणाली. मग पुन्हा. बाहेर वारा होता, खिडकीची काच हलत होती. मी टेबलावर बोट टेकवून बसले. रेंगाळला की बोट ओढायचं, पडला की आपटायचं, हे तिनेच सुचवलं.

दहापैकी सहा आले. चुकलेल्या चार ठिकाणी तिने माझ्याच लाल पेनने लिहिलं, थिंग पु छिंगछू. मंगळवारी पुन्हा बसायचंय, तोवर तिने मला दहा माई फोनवर बोलून पाठवलेत.